बाबांना मेंढीकोट येतो, २८ शिकायचंय, शनिवारच्या आत

वाकडची मुक्ता

नमस्कार मंडळी, पत्त्यातलं कळणारं कोणी इथे असेल तर प्लीज मदत करा, जरा घाई आहे.

माझे बाबा ७१ वर्षांचे आहेत. आई गेल्यापासून माझ्याकडे वाकडला असतात. त्याआधी सगळं आयुष्य सदाशिव पेठेत गेलं त्यामुळे इथे सोसायटीत त्यांचं कोणाशी फारसं जमत नव्हतं, सकाळी खाली एक चक्कर मारायची, पेपर वाचायचा आणि मग माझी ऑफिसातून यायची वाट बघायची एवढंच. दुसऱ्या मजल्यावर एक मल्याळी काका राहतात, त्यांच्याकडे दर शनिवारी संध्याकाळी चौघं पत्त्यांतला २८ खेळायला बसतात, त्यातले एक जण मुलाकडे बंगलोरला राहायला गेले म्हणून भिडू कमी पडला. लिफ्टमध्ये त्यांनी बाबांना विचारलं पत्ते येतात का. गणपतीत मंडपात जागरणाला रात्र रात्र मेंढीकोट खेळलेला माणूस, बाबा लगेच हो म्हणाले. इस्त्रीचा शर्ट घालून गेले.

तासाभरात वर आले. चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "मला त्यातलं काही कळत नाही गं, उगाच त्यांचा डाव बिघडवला." खोदून खोदून विचारल्यावर दोन गोष्टी सांगितल्या. एक म्हणजे पहिल्या चार पानांत त्यांना तीन एक्के आणि एक दश्शी आली, एवढी राजेशाही पानं बघून त्यांनी २० ची बोली लावली आणि तो डाव सपशेल गेला. दुसरी म्हणजे भिडू चौकट गुलाम उतरला तेव्हा बाबांकडे चौकट राजा आणि चौकट दश्शी दोन्ही होती, त्यांनी राजा टाकला आणि दश्शी जपून ठेवली, तर समोरचा भिडू काहीच बोलला नाही पण त्याने डोळे मिटून घेतले. ते डोळे मिटणं बाबांना फार लागलंय.

काल ते काका स्वतः वर आले, केळ्याचे वेफर्स घेऊन, आणि म्हणाले शनिवारी नक्की या, आम्ही वाट बघतोय. बाबा हो नाही काहीच बोलले नाहीत पण मला माहितीये त्यांना जायचंय. तर हा २८ नावाचा खेळ मला आधी समजावून सांगा, मी त्यांना रोज रात्री जेवणं झाल्यावर शिकवीन. नेटवर जे आहे ते इंग्रजीत आहे आणि प्रत्येक ठिकाणी नियम वेगळे. दश्शी जपली तर चुकलं काय?

निगडीकर

मुक्ताताई, तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही. माझं लहानपण निगडी प्राधिकरणात गेलं, शेजारी दोन्हीकडे मल्याळी कुटुंबं, वडिलांच्या कंपनीतलीच, आणि दहावीची परीक्षा संपली त्या दिवसापासून मी त्यांच्या ओट्यावर बसून २८ खेळतोय. ते लोक इरुपत्तेट्टु म्हणतात, म्हणजे अठ्ठावीसच. सावकाश सांगतो, बाबांना मेंढीकोट येतो ना, मग अर्धं काम झालंय, फक्त त्यांच्या हाताला जी सवय आहे तीच इथे आडवी येते.

दश्शीचं आधी सांगतो. मेंढीकोटात चार मेंढ्या म्हणजे चारी दश्श्या धरायला सगळा जीव काढायचा, एक्का मोठा, राजा त्याच्या खाली. इथे ते सगळं विसरायचं. जोडातून दुर्री ते छक्की सगळी पानं बाजूला काढायची, २० पानं गेली की ३२ उरतात, सत्तीपासून वर. आणि क्रम असा, सगळ्यात मोठा गुलाम, त्याच्या खाली नव्वी, मग एक्का, मग दश्शी, मग राजा, राणी, अठ्ठी, सत्ती. गुलामाचे ३ गुण, नव्वीचे २, एक्क्याचा १, दश्शीचा १, बाकी पानांना शून्य. एका रंगाचे ७ झाले, चार रंगांचे २८, म्हणून खेळाचं नाव २८. चौघांनी एकेक पान टाकलं की एक हात, पण हात किती केले ते कोणी मोजत नाही, जिंकलेल्या हातांत आलेल्या पानांचे गुण मोजतात. आठच हात असतात.

आता तुमच्या बाबांचे तीन एक्के आणि दश्शी बघा. मेंढीकोटात अशी चार पानं आली तर माणूस मांडी बदलून बसतो. इथे ती चार पानं मिळून चार गुणांची, आणि त्यातला एकही एक्का पक्का नाही कारण त्याच्या डोक्यावर गुलाम आणि नव्वी दोघं बसलेत. अशा पानांवर २० बोलले म्हणजे २८ पैकी २० गुण मी आणि माझा भिडू मिळून आणू असं कबूल केलं. त्यांची काही चूक नाही हो, डोळ्याला एक्का दिसला की मन मोठं होतं, पन्नास वर्षांची सवय आहे ती.

आणि भिडू चौकट गुलाम उतरला तेव्हा तो हात भिडूचाच होता, हुकूम अजून उघडला नव्हता असं धरतो. अशा वेळी आपल्याकडे त्या रंगातलं गुणांचं जे पान असेल ते भिडूच्या हातावर टाकून द्यायचं, कारण तो गुण आपल्याच घरात येतो. राजा टाकला तर ३ आले, दश्शी टाकली असती तर ४. आणि जपून ठेवलेली दश्शी पुढे कुठल्यातरी नव्वीखाली नाहीतर हुकमाखाली जातेच. एक एक गुणावर बोली जाते, म्हणून त्या भिडूने डोळे मिटले असतील. रागावून नसतील, आम्ही सगळेच मिटतो.

आता डाव कसा चालतो ते. चौघं, समोरासमोरचे भिडू. वाटप आणि खेळ दोन्ही उजव्या हाताला फिरतं, हे बाबांना नीट सांगा, गडबड होते. वाटणारा आधी प्रत्येकाला चारच पानं देतो. ती चार बघून बोली लागते, वाटणाऱ्याच्या उजवीकडचा सुरुवात करतो आणि आमच्याकडे त्याला पास म्हणता येत नाही, निदान १४ म्हणावंच लागतं. मग पुढचे एकतर वाढवतात नाहीतर पास. ज्याची बोली शेवटी राहील त्याने हुकूम ठरवायचा, म्हणजे आपल्या चार पानांतलं ज्या रंगाचं हुकूम करायचंय त्याचं एक पान उपडं ठेवायचं, कोणाला दाखवायचं नाही, भिडूलाही नाही. मग उरलेली चार चार पानं वाटायची. बाबा बंद हुकूम खेळले असतील तर हे लगेच कळेल, तसंच आहे, फरक एवढाच की इथे ते पान ठेवायचा मान बोली लावून मिळवावा लागतो.

खेळताना त्या रंगाचं पान असेल तर तेच टाकायचं, हे सगळीकडे सारखं. नसेल तर दोन वाटा. कुठलंही पान टाकून द्या, नाहीतर "हुकूम उघडा" म्हणा. उघडा म्हटलं की बोलीवाला उपडं पान सगळ्यांना दाखवतो आणि परत हातात घेतो, आणि ज्याने उघडायला लावला त्याच्याकडे हुकूम असेल तर त्याने त्याच हातात मारायलाच हवा. उघडेपर्यंत हुकमाच्या रंगाला काही जास्तीची ताकद नसते, तो साधाच रंग. ही गोष्ट मला स्वतःला कळायला दोन महिने लागले.

एक हात लिहून दाखवतो, पानं घेऊन मांडून बघा. हुकूम इस्पिक आहे पण झाकलेला. बाबांचा भिडू किलवर एक्का उतरला. त्याच्या उजवीकडच्याकडे किलवर नाहीच, त्याने हुकूम मागितला, त्याच्या भिडूने इस्पिक सत्ती उघडून दाखवली, याने इस्पिक राणीने मारलं. आता बाबांची पाळी, त्यांच्याकडे किलवर दश्शी आणि किलवर अठ्ठी आहे. इथे मात्र अठ्ठीच टाकायची, कारण हात आता त्यांचा झालाय, आपला गुण त्यांना कशाला द्यायचा. मग शेवटचा, जो त्यांचाच आहे, तो हसत हसत किलवर गुलाम त्यावर टाकणार. एक अधिक तीन, चार गुण एका राणीने नेले. म्हणजे दश्शी टाकायची की धरायची हे पान बघून ठरत नाही, हात कोणाचा होतोय ते बघून ठरतं. बाबांना हेच रोज रात्री चार वेळा मांडून दाखवा.

इस्पिक राणी

निगडीकर दादांनी छान सांगितलंय, मी बोलीबद्दल लिहिते कारण नवीन माणसाचा डाव तिथेच जातो. माझं सासर त्रिशूरचं, माहेर नारायण पेठ, त्यामुळे दोन्ही बाजूंचे पत्ते मी खेळलेय आणि पहिल्या ओणमला सासऱ्यांसमोर एक्का धरून बसले होते ते मला अजून आठवतं.

बोली चार पानांवर लागते आणि तुमची अजून चार यायचीयत, भिडूची आठ तुम्हाला दिसतच नाहीत. म्हणून मी फक्त एका रंगाकडे बघते. एका रंगाची तीन पानं आणि त्यात गुलाम असला तर १६ पर्यंत जाते, गुलाम आणि नव्वी दोन्ही असतील आणि वर त्याच रंगाचं तिसरं काहीही, अगदी सत्ती, तर १८ ला घाबरत नाही. गुलाम नसलेल्या रंगाचा हुकूम मी करत नाही, पानं कितीही असोत, कारण तो गुलाम विरुद्ध जोडीकडे निघाला तर आपल्याच हुकमाने आपला गळा धरला जातो. एका रंगात आठच पानं आहेत, तुमच्याकडे तीन म्हणजे बाहेर पाच, ती बाकीच्या तिघांत आणि तुमच्या यायच्या चार पानांत, हा हिशोब सतत डोक्यात ठेवायचा.

आणि भिडूची बोली ऐकायची. बोलायला बंदी, डोळ्याने खुणा करायला बंदी, पण त्याने १४ वरून एकदम १७ केले तर त्याने काहीतरी सांगितलंय ना. अशा वेळी आपल्याकडे साधारण पानं असताना त्याच्यावर चढू नये. तुमच्या बाबांचं २० हे भिडूच्या बोलीवर चढून होतं का ते विचारा, तसं असेल तर त्या डोळे मिटण्याचं कारण तेही असू शकतं.

निगडीकर दादा, एक गोष्ट राहिली. बोलीवाल्याने हुकूम उघडायच्या आधी स्वतःहून हुकमाच्या रंगाची उतारी करायची नसते, दुसरं काही पानच हातात नसेल तर गोष्ट वेगळी. आणि उपडं ठेवलेलं पान उघडेपर्यंत हातातलं धरत नाहीत. म्हणून ठेवताना त्या रंगातलं हलकं पान ठेवावं, गुलाम तिथे अडकवून ठेवला तर ऐन वेळी तो हाताशी नसतो.

निगडीकर

बरोबर, ते लिहायचं राहिलं, धन्यवाद ताई.

वाकडची मुक्ता

तुम्हा दोघांचे किती आभार मानू. काल रात्री जेवण झाल्यावर किलवरचा हात टेबलावर मांडला. बाबा आधी नुसतं बघत होते, मग म्हणाले परत मांड, मग म्हणाले आता तू ऊठ, मी मांडतो. साडेअकरा वाजले.

विचारलं त्यांना, हो, भिडू १७ बोलला होता आणि बाबा त्याच्यावर २० बोलले.

दोन शंका आहेत. बाबा विचारतात, आपल्याकडे तो रंग नाही म्हणून लगेच हुकूम उघडायला लावायचा का, की थांबायचं? आणि दुसरं, गुण मोजतात कसे, कारण तिथे वही पेन काहीच नव्हतं, फक्त काही पानं उलटी सुलटी करत होते.

जुना भिडू

ताई, मी रेल्वेतून रिटायर झालोय, नोकरीत दक्षिणेकडे बरीच वर्षं काढली, हा खेळ आणि याचे भाऊबंद सगळे खेळलोय. दुसऱ्या शंकेचं आधी सांगतो. बाजूला काढलेल्या २० पानांतल्या छक्क्या पुष्कळ ठिकाणी गुण दाखवायला वापरतात, डाव जिंकला की एक ठिपका उघडा करायचा, हरला की झाकायचा. बोली पूर्ण झाली की बोलीवाल्या जोडीला एक, नाही झाली तर एक जातो. १७ बोलून २५ आणले तरी एकच, म्हणून जास्तीचे गुण ओढायच्या हव्यासात पडायचं नाही, बोली गाठली की झालं. मोठ्या बोलीला दुप्पट देतात काही घरी, ते विचारून घ्या.

हुकूम कधी उघडायचा हा या खेळाचा खरा गाभा आहे आणि बाबांनी तो प्रश्न आपणहून विचारला म्हणजे त्यांना खेळ येणार, माझी खात्री आहे. आपण बोलीच्या विरुद्ध बाजूला असू आणि हातात गुण पडलेले असतील, समजा गुलाम आणि एक्का, तर मागावा, आपल्याकडे तो हुकूम निघाला तर चार गुण वाचले. पण बिनगुणांचा हात असेल, राजा राणी अठ्ठी पडलेली, तर कशाला उघडता, एखादं टाकाऊ पान द्या आणि गप्प बसा. हुकूम जितका वेळ झाकलेला राहील तितके आपले साधे गुलाम आणि नव्व्या सुखाने हात करून घेतात, बोलीवाल्याच्या हुकमाच्या पानांना तोवर काही चालत नाही. उलट आपलाच भिडू बोलीवाला असेल तर संधी मिळताच उघडून द्यावा, त्याचे हात मोकळे होतात. शेवटी उघडावा लागतोच, पण तोवर दोनतीन हात गेले की गणित बदललेलं असतं.

घराघरात नियम बदलतात म्हणून बसायच्या आधी यजमानांना पाच गोष्टी मोकळेपणाने विचारायच्या, त्यात काही कमीपणा नाही, जुने खेळाडूसुद्धा नवीन घरी विचारतात. चारही पानं बिनगुणांची आली तर परत वाटतात का. आठ पानं आल्यावर दुसऱ्यांदा बोली लागते का. भिडूच्या बोलीवर चढायला काही अट आहे का. ज्या हाताला हुकूम उघडला त्याच हातात आधीच पडलेलं त्या रंगाचं पान हुकूम धरतात की नाही. आणि मोठ्या बोलीचा हिशोब, ते वर सांगितलंच.

नेटवर वाचताना एक काळजी घ्या. बंगालकडे २९ खेळतात, क्रम आणि गुण हेच, पण त्यात हुकमाच्या राजा राणीच्या जोडीने बोली कमी जास्त होते, ते २८ मध्ये मिसळू नका. तमिळ आणि श्रीलंकेकडचा ३०४ पण याच घरातला, तिथे गुलाम ३० चा, नव्वी २० ची, एक्का ११, दश्शी १०, राजा ३, राणी २, चारी रंगांचे मिळून ३०४. आणि केरळात सहा जण बसले तर दोन जोडांमधली पानं घेऊन ५६ खेळतात. मूळ या सगळ्यांचं डचांच्या गुलाम नव्वीच्या खेळात आहे असं मानतात, आणि मला ते पटतं, कारण आपण ज्याला किलवर म्हणतो त्याला मल्याळी लोक क्लावर म्हणतात आणि डच भाषेतही तोच शब्द आहे. सदाशिव पेठेतला माणूस आणि कोचीचा माणूस दोघांच्या तोंडी चिडीला तोच एक शब्द, हे बाबांना सांगा, बसल्यावर बोलायला विषय होईल.

आणखी एक, घाबरून जाऊ नये म्हणून सांगतो. केरळात हरणाऱ्याच्या कानाला कुणुक्क लावतात. कुणुक्क म्हणजे तिकडच्या बायका पूर्वी घालायच्या तो कानातला दागिना, खेळात त्याच्याऐवजी पानाची गुंडाळी, चिमटा, जे हाताशी असेल ते अडकवतात. कोणी बाबांच्या कानाला हात लावला तर त्यांना घरचा धरलंय असं समजायचं, पाहुण्याला लावत नाहीत.

इस्पिक राणी

अगदी. माझ्या सासऱ्यांनी मला पहिल्यांदा कपड्याचा चिमटा लावला तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, आता तू इथली झालीस.

वाकडची मुक्ता

शनिवार झाला, सगळं सांगायला आलेय.

बाबा सहाला गेले, तोच इस्त्रीचा शर्ट. जुन्या भिडूकाकांचे पाच प्रश्न त्यांनी पाकिटाच्या मागे लिहून नेले होते. खालच्या काकांनी म्हणे ते पाकीट हातात घेऊन बाकीच्या दोघांना मोठ्याने वाचून दाखवलं, आणि चौथ्या प्रश्नावर त्यांचं आपसातच मल्याळीत दहा मिनिटं भांडण झालं कारण इतकी वर्षं खेळूनही दोघं वेगवेगळं धरत होते. शेवटी बाबांनाच विचारलं कसं ठेवायचं. बाबा म्हणाले, उघडल्यानंतर पडेल तोच हुकूम. तसं ठरलं.

पहिले दोन डाव गेले. तिसऱ्यात चार पानं आली, इस्पिक गुलाम, इस्पिक राणी, इस्पिक अठ्ठी आणि बदाम दश्शी. बाबा १५ बोलले, विरुद्ध जोडीने १६ केले, बाबा १७. मग सगळे पास. बाबांनी इस्पिक अठ्ठी उपडी ठेवली. नंतरच्या चार पानांत बदाम राजा आला, म्हणजे परत तेच, राजा आणि दश्शी एका रंगाची. आणि मधेच भिडू बदाम गुलाम उतरला. हे सांगताना बाबा थांबले, पाणी प्यायले, आणि मला म्हणाले, "दश्शी टाकली. अशी टाकली." टेबलावर हात आपटून दाखवलं. तीन आणि एक, चार. डाव १९ वर संपला. या वेळी भिडूने डोळे उघडे ठेवले होते.

शेवटी मात्र हरले, साडेनऊला वर आले तेव्हा उजव्या कानाला कागदाची क्लिप होती. मी दार उघडलं तरी काढली नव्हती. लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी बघितलं का विचारलं तर म्हणाले बघू दे की.

आता टेबलाच्या खणात पत्त्यांचे दोन गठ्ठे आहेत. ३२ पानं वर, आणि दुर्री ते छक्कीला वेगळा रबर लावून खाली. टाकून नाही दिली, उद्या माझ्या भावाची मुलं येतायत, त्यांच्याबरोबर मेंढीकोटला लागतील म्हणून.